ठोकळ्याच्या मागची बाटली

इथे गुजरातेत, डिंडोलीत, आमच्या लाइनीत चार खोल्यांना मिळून एक नळ आहे. पाणी सकाळी तासभर येतं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ज्याचा हंडा पुढे त्याचं पाणी असा कारभार होता, आणि रोज कोणाचं ना कोणाचं वाजायचं. शेवटी चौघीजणींनी ओट्यावर बसून पाळी ठरवली. प्रत्येकीला पाव तास. आज जी पहिली ती उद्या शेवटची, बाकीच्या एकेक जागा पुढे. असं केलं की चार दिवसांत प्रत्येकीला पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशा सगळ्या जागा मिळतात. भांडण मिटलं.

माझं तेवढं मिटलं नाही. या पाळीत माझ्या पुढे कोपऱ्यावरच्या खोलीतली बाई येते. ती आमच्याच धुळ्याकडची, मनाने वाईट नाही. पण तिच्याकडे एक निळा ड्रम आहे, आणि तो पाव तासात भरत नाही. वेळ संपली की ती मागे वळून हसायची आणि म्हणायची, "थांब व बहीन, एकच हंडा र्‍हायना." तिचा तो एक राहिलेला हंडा भरेपर्यंत माझी तीन-चार मिनिटं जायची. माझी वेळ संपली की मी मुकाट्याने बाजूला व्हायचे, त्यामुळे माझ्या मागचीचं काही बिघडत नसे. चार दिवसांतून एकदा मी पहिली असायचे. त्याच दिवशी माझा शेवटचा हंडा गळ्यापर्यंत भरायचा.

घरी नवरा म्हणायचा, "तुले तोंड शे का नही?" पांडेसऱ्याच्या मिलमध्ये मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची त्याला सवय, त्याला वाटतं बोलणं सोपं असतं. मी चौथीपर्यंत शाळेत होते. तेव्हाही उत्तर येत असून हात वर करायचे नाही. एकदा बाईंनी विचारलं, "येत होतं तर बोलली का नाहीस?" त्याचंही उत्तर मला येत होतं, तेही दिलं नाही.

आधी मी घरी बसून साड्यांना लेस लावायचे. मग ते काम कमी झालं, आणि कोणीतरी सांगितलं की शहराबाहेर कॉलेजच्या वाडीत बायका पाहिजेत. वाडी म्हणजे आंब्याची बाग. बाजूने कालवा जातो, इथले लोक त्याला नहेर म्हणतात. आधी मी तिथे गवत काढायचे, आळी करायचे. मग एक दिवस शिकायला आलेल्या मुलीने मला माश्यांच्या कामावर मागून घेतलं.

ती मुलगी मराठवाड्याची. तिची मोठी पदवी व्हायची होती आणि त्यासाठी तिला फळमाशीवर प्रयोग करायचा होता. ही माशी आंब्याला डंख मारून आत अंडी घालते. वरून फळ सोन्यासारखं दिसतं, कापलं की आत अळ्या. मी तिला मॅडम म्हणायला लागले तर ती म्हणाली, "मॅडम नको, ताई म्हणा. मी तुम्हाला मावशी म्हणते." माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी, पण ताईच बसलं तोंडात.

काम असं होतं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांना दोन बाजूंनी खिडक्या कापायच्या, तळाशी साबणाचं पाणी घालायचं आणि तारेने फांदीला टांगायच्या. माशी वासाने आत येते आणि साबणाच्या पाण्यात पडते. बाटल्या चार प्रकारच्या. एकीत बाजारातला औषधाचा लाकडी ठोकळा. त्याला लवंगेसारखा गोड वास येतो आणि त्या वासावर नर माश्या वेड्या होतात. दुसरीत तुळशीच्या पानांचा रस कापसात भिजवून. तिसरीत गूळ आणि केळं कालवून. चौथीत काहीच नाही, नुसतं ते साबणाचं पाणी.

मी मनात म्हटलं, काहीच नसलेली बाटली कशाला टांगायची. माझ्या तोंडाकडे बघून ताईला कळलं असावं. ती म्हणाली, "काहीच न घालता किती पडतात ते कळलं, तरच घातलेल्याचा गुण कळेल ना."

कोणती बाटली कोणत्या झाडावर हे चिठ्ठ्यांनी ठरवायचं होतं. वाडीत चार ओळी घेतल्या, प्रत्येक ओळीत चार झाडं. ताईने डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या टाकल्या आणि झाकण माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही काढा, मावशी."

मी मान हलवली. मला वाटलं काही चुकलं तर माझ्यावर येईल.

"मला मनातून तुळस जिंकायला पाहिजे," ती म्हणाली. "माझा हात तुळशीला चांगलं झाड देईल आणि मला कळणारसुद्धा नाही. तुम्हाला काय, कोणीही जिंको."

मग मी काढल्या. आणि माझा हात असा, की चारपैकी तीन ओळींत गुळाची बाटली नहेरीकडच्या पहिल्या झाडावर आली. नहेरीकाठी गारवा जास्त, तिथे माश्या जास्त. काहीही टांगा, तिथे पडणारच. मोजणी झाली तर गूळ सगळ्यांच्या पुढे. ताई वही बघत बसली आणि म्हणाली, "हा गूळ पुढे आहे की नहेर पुढे आहे, कोणाला माहीत."

मी हळूच म्हटलं, "परत काढू चिठ्ठ्या?"

"मनासारखं येईपर्यंत काढत राहिलं तर त्या चिठ्ठ्या कसल्या, मावशी?"

हे मला पटलं. ती जमिनीवर बसून काडीने रेघा मारत होती. प्रत्येक बाटलीने प्रत्येक झाडावर राहून यायला पाहिजे, म्हणजे नहेरीचा फायदा सगळ्यांना सारखा, असं ती बोलत होती. पण सोळा झाडांवर रोज कुठली कुठे न्यायची, गोंधळ होईल. मला ऐकताना एकच गोष्ट दिसत होती. मी ती बोलले, आणि कशी बोलले मला अजून कळलं नाही.

"आमच्या नळासारखं करा."

"काय?"

मी म्हटलं, "काही नाही."

"अहो बोला ना. मी काय खाते का तुम्हाला?"

मी खाली पडलेल्या चार कैऱ्या उचलल्या, ओळीत मांडल्या. मग पहिली उचलून शेवटी ठेवली, बाकीच्या एकेक जागा पुढे सरकवल्या. परत तसंच. चार वेळा झाल्यावर प्रत्येक कैरी प्रत्येक जागी राहून आली होती. ताईने टाळी वाजवली. "मावशी, हे तर आमच्या पुस्तकात आहे! फक्त पुस्तकात नळ नाही."

तिच्या सरांनाही ते पसंत पडलं. सोमवारी आणि गुरुवारी मोजायचं, आणि मोजून झालं की प्रत्येक ओळीतली प्रत्येक बाटली एक झाड पुढे. शेवटच्या झाडावरची परत पहिल्यावर. चार पाळ्यांचा एक फेरा, म्हणजे दोन आठवडे. बाटल्या कोणामागे कोण तेवढं चिठ्ठीने निघालं. ठोकळा, त्याच्या मागे नुसतं पाणी, मग तुळस, मग गूळ.

बाटल्यांवर ताईने इंग्रजी अक्षरं चिकटवली होती. साबणाच्या पाण्याने ती पुसट व्हायची. माझ्याकडे लेसच्या कामातले दोरे होते. मी प्रत्येक बाटलीच्या गळ्याला दोरा बांधला. ठोकळ्याला लाल, पाण्याला पांढरा, तुळशीला हिरवा, गुळाला पिवळा. हे मी न विचारता केलं आणि ताई दोन दिवस सगळ्यांना दाखवत होती.

ते दिवस मला आवडत होते. सावलीत बसून जुन्या ताटात माश्या ओतायच्या आणि काडीने एकेक बाजूला करत मोजायच्या. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझ्या तोंडात तेच बसलेलं. मी मोजायचे, "लाभ, दोन, तीन..."

ताई वही ठेवून हसायला लागली. "मावशी, माशीला कसला लाभ?"

"माझी सवय आहे."

"असू दे, असू दे. पण लाभ म्हणजे एकच ना? मधे काही सुटत नाही ना?"

"लाभानंतर दोनच येतात," मी म्हटलं. त्यानंतर तीही लाभच म्हणायला लागली.

एक गोष्ट मी तेव्हा बघितली होती. ठोकळ्याची बाटली फांदीवरून काढली की पुढची टांगेपर्यंत त्या फांदीच्या सालीवर दोन-चार माश्या येऊन बसायच्या. साल चाटायच्या. बाटलीतून थोडा ओघळ आलेला असायचा, त्याचा डागही दिसायचा. मी हाताने त्या हाकलायचे आणि त्याच जागी पांढऱ्या दोऱ्याची बाटली टांगायचे. उष्टं ताट पुसून दुसऱ्याला वाढावं तसं. त्याचं काही वाटलं नाही.

फेरा पूर्ण झाला आणि सर वही बघायला आले. सर इथलेच, गुजराती बोलतात, पण आम्हा सगळ्यांचं मराठी त्यांना कळतं. माणूस कडक, उगाच ओरडत नाही. झाडाखाली खुर्चीवर बसून त्यांनी पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"पाणीमां माखी केम आवे?"

नुसत्या पाण्याच्या बाटलीत माश्या तुळशीपेक्षा जास्त होत्या आणि गुळापेक्षाही. ताईला ते आधीच दिसलं होतं, तिने मला सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, पाण्याला वास नाही, तर माशी येईल कशाला? बाटल्यांवरच्या पट्ट्या कुठेतरी बदलल्या आहेत. टांगणाऱ्या बायकांनी एकीच्या जागी दुसरी टांगली आहे.

"सर, मावशी चौथी शिकल्यात. वाचतात त्या," ताई म्हणाली.

"चौथी," सर म्हणाले. तेवढंच.

मग त्यांनी ठरवून टाकलं. हा फेरा रद्द. सोमवारपासून मोजायला आणि टांगायला बारावी झालेला माणूस द्यायचा. बायकांनी गवताच्या कामावर जावं. आंबा उतरायला पाच आठवडे होते. आंबा उतरला की माश्या गेल्या, आणि तोवर मोजणी जमली नाही तर ताईचं वर्ष गेलं. माझंही ते सावलीतलं काम गेलं असतं, पण त्याहून जास्त मला हे लागलं की मी बाटल्या उलटसुलट टांगल्या असं वहीत राहणार. मी टांगल्या नव्हत्या. लाल आणि पांढरा दोरा मला अंधारात हाताला लागला तरी कळला असता, लालला पीळ जास्त होता.

सर गेल्यावर ताई पंपाच्या खोलीमागे जाऊन आली. डोळे धुतलेले होते. जरा वेळाने ती माझ्याजवळ बसली.

"मावशी, रागावू नका. पण खरं सांगा. एखाद्या दिवशी गडबड झाली का? झाली असली तरी मी काही म्हणणार नाही."

सरांचं मला तेवढं लागलं नाही जेवढं हे लागलं. मी नुसती मान हलवली. "नाही" हा एक शब्दसुद्धा आला नाही. ती मान हलवणं तिने कसं घेतलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर माझी तिसरी जागा होती. पुढे कोपऱ्यावरची, तिचा ड्रम अर्धा झालेला. मी हंडा कमरेवर घेऊन उभी होते आणि डोक्यात वाडीच होती. ड्रमवालीची पाठ समोर. हिरवं पोलकं, पाठीवर बंदाची गाठ. मला वाटलं, ही गाठ मी काल पण बघितली. परवा पण. काल माझी जागा चौथी होती, परवा पहिली, छे, परवा मी पुढे होते. पण त्याच्या आधी? दुसरी होते तेव्हाही हीच पुढे, तिसरी असले तरी हीच, चौथी असले तरी हीच. पाळी बदलत होती, जागा बदलत होती, माझ्या पुढची पाठ बदलत नव्हती.

"थांब व बहीन, एकच हंडा र्‍हायना," ती म्हणाली.

मी म्हटलं, "भरा, भरा." आणि मला त्या फांदीवरच्या माश्या दिसल्या.

ठोकळ्याच्या मागे कायम पांढऱ्या दोऱ्याची बाटली. ठोकळा जिथून उठायचा तिथे तीच जाऊन बसायची, दुसरी कोणी नाही. नळावर पुढचीचं उरलेलं काम माझ्या वेळेत व्हायचं आणि माझं पाणी जायचं. वाडीत ठोकळ्याचा उरलेला वास पाण्याच्या बाटलीत जायचा आणि तिला फुकटच्या माश्या मिळायच्या. माझं जात होतं, तिचं वाढत होतं, पण कारण एकच होतं. आणि ही पाळी मीच सांगितली होती. तिच्यातली खोट माझ्याइतकी कोणाला माहीत होती? पण मी ती नळावर कधी बोलले नव्हते, म्हणून वाडीतही बोलायचं सुचलं नाही.

त्या दिवशी रिक्षातून जाताना मी वाक्य तयार करत होते. ताई, फांदी उष्टी असते. असं म्हणू? का, ताई, आमच्या नळावर एक बाई आहे, असं सुरू करू? वाडीत पोचले तर ताई बाटल्या उतरवायच्या तयारीत होती, सामान भरायला टोपली घेऊन. सगळी वाक्यं गेली. मी तिचा हात धरला आणि ठोकळ्याच्या झाडाखाली नेलं. बाटली काढून खाली ठेवली, लांब नेऊन झाकली. फांदी मोकळी.

"काय करताय?"

"थांबा जरा. बघा."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. थोड्या वेळात एक माशी आली, सालीवर बसली, डाग चाटायला लागली.

"लाभ," मी म्हटलं.

मग दुसरी आली. तिसरी. ताई मोजत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. मग ती धावत पुढच्या झाडाकडे गेली. तिथून गुळाची बाटली काढून तीही फांदी मोकळी ठेवली. तिथे कोणी आलं नाही.

"पाण्याची बाटली कायम या उष्ट्या फांदीवर जाते," मी म्हटलं. "पाळीच तशी आहे. आमच्या नळावर पण तसंच होतं. माझ्या पुढे कायम एकच बाई असते, ती उशीर करते, तो माझ्यावरच येतो. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही तुम्हाला."

एवढं सलग मी घरातसुद्धा बोलत नाही. ताई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रागावेल. ती म्हणाली, "त्या बाईला कधी काही बोललात?"

"नाही."

"किती वर्षं?"

मी बोटांवर वर्षं मोजली. ती हसायला लागली, आणि कालपासून तिच्या तोंडावर जे होतं ते जरा उतरलं.

दुपारी सर आले. उन्हात उभे राहिले. चष्मा काढून फांदीजवळ गेले, फांदीचा वास घेतला. मग ताईशी त्यांचं बोलणं सुरू झालं आणि मी शेजारी टोपली धरून ऐकत राहिले. सर म्हणाले, दोन पाळ्यांच्या मधे फांद्या आठ-दहा दिवस मोकळ्या सोडाव्यात, वास उडून जाईल. ताई म्हणाली, तेवढ्यात आंबा उतरेल. सर म्हणाले, मग दर वेळी वेगळी फांदी घ्या. ताई म्हणाली, वास झाडाला राहतो, फांदीला थोडाच. मग सर म्हणाले की गाईंना चारा बदलून देऊन दूध मोजतात तेव्हा हीच अडचण येते. आधीच्या चाऱ्याचा गुण पुढच्या चाऱ्यात उतरतो. तिथे एक वेगळी पाळी लावतात. प्रत्येक चारा प्रत्येकाच्या मागे एकदाच येतो. त्रास चुकत नाही, पण सगळ्यांना सारखा वाटला जातो, आणि मग तो हिशोबात बाजूला काढता येतो.

ताईने लगेच वहीत तसा चौकोन काढला. चार झाडं, चार पाळ्या. सर म्हणाले, चौकोन बरोबर आहे, पण यात बाटल्या एकेक झाड सरकत नाहीत. कधी दोन झाडं पुढे, कधी एक मागे. बायकांना हे जमणार नाही. बारावीवालाच लागेल.

"मी करते," मी म्हटलं.

सरांनी बघितलं. मी जमिनीकडे बघत होते, पण परत म्हटलं, "मला द्या तो कागद. सोमवारी करते."

सर म्हणाले, "करो." आणि खुर्ची न मागता गाडीकडे गेले.

शनिवार, रविवार मी तो चौकोन घेऊन बसले. लेसच्या दोऱ्यांची चार रिळं मांडली. पहिलं झाड लाल, पांढरा, पिवळा, हिरवा. दुसरं पांढरा, हिरवा, लाल, पिवळा. तिसरं हिरवा, पिवळा, पांढरा, लाल. चौथं पिवळा, लाल, हिरवा, पांढरा. मी बोट ठेवून बघितलं. लालच्या मागे एका झाडावर पांढरा, एकावर पिवळा, एकावर हिरवा. परत कुठे नाही. पांढऱ्याचं तसंच. हिरव्याचं, पिवळ्याचं तसंच. मला ते इतकं आवडलं की भाजी करपली. मुलगी नववीत आहे, तिने माझी परीक्षा घेतली.

"तिसरं झाड, दुसरी पाळी?"

"पिवळा."

"चौथं झाड, तिसरी?"

"हिरवा."

"मम्मी, तू शाळा का सोडली गं?"

"तेव्हा रिळं नव्हती," मी म्हटलं.

सोमवारी सर आले होते, बारावीवाला आला नव्हता. त्यांनी मला पहिल्या पाळीत बघितलं, गुरुवारी बघितलं, मग यायचं सोडलं. दोन फेरे झाले. दुसऱ्या फेऱ्याची शेवटची बाटली उतरवली त्याच आठवड्यात आंबा उतरवायला माणसं आली, झाडांखाली टोपल्या लागल्या. आम्ही दोघी त्यांच्या पायांतून बाटल्या गोळा करत होतो.

पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत या वेळी जेवढ्या पडायला पाहिजेत तेवढ्याच पडल्या. ठोकळ्याच्या मागे गेली तेव्हा जास्त, बाकी वेळी अगदी थोड्या. तुळस दुसरी आली. जिंकला ठोकळाच. ताईला त्याचं काही वाईट वाटलं नाही, म्हणाली, अंगणातली तुळस बाजारच्या ठोकळ्याच्या मागे दुसरी येते हेच पुष्कळ आहे. आधीच्या फेऱ्याची पानं तिने फाडली नाहीत. रद्दही लिहिलं नाही. पाळी का बदलली हे त्या पानांवरूनच कळेल म्हणाली. बाटल्या चुकीच्या टांगल्या हे वाक्य कुठेच राहिलं नाही. मी शेजारी बसून सगळी वही उलटून बघितली.

सरांनी बारावीवाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढच्या हंगामात चिकूच्या बागेत काम आहे. त्यांनी ताईजवळ निरोप ठेवला की दोरेवाली बाई पाहिजे.

नळाचं मात्र मी एक आठवडा पुढे ढकललं. मग एका संध्याकाळी चौघी ओट्यावर असताना वहीचं पान पुढे ठेवलं. चार रंगांनी चौकोन भरलेला. मी म्हटलं, "पाळी अशी लावू या का? सगळ्यांना सगळ्या जागा तशाच मिळतील. फक्त रोज एकच जण एकीच्याच मागे येणार नाही."

ड्रमवालीने पान उलटंसुलटं बघितलं. "कोनी शिकाडं व तुले हाई?"

"माश्यांनी."

तिघी हसल्या. मीही हसले. कोणाला त्यात वावगं दिसलं नाही, आणि पान नळाच्या वरच्या भिंतीला चिकटलं. खालच्या कोपऱ्याला पाणी लागून रंग पसरलाय, पण वाचता येतं.

पहिल्याच दिवशी ड्रमवालीच्या मागे शेवटच्या खोलीतली आली. ती विदर्भाची, आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. पाव तास झाला, ड्रमवाली वळून हसली आणि म्हणाली, "थांब व बहीन, एकच हंडा र्‍हायना."

"काऊन थांबू? सरक तिकडे! ड्रम हाय का धरण हाय?"

ड्रमवालीने पाइप काढला. इतकी वर्षं मी समजत होते की तो ड्रम पाव तासात भरत नाही. आता ती आधी ड्रम लावते, मग हंडे, आणि सगळं वेळेत भरतं.

चार दिवसांतून एकदा आता ती माझ्या मागे असते. परवा तशीच होती. माझ्या पाव तासातली पाच मिनिटं तरी अजून उरली होती. तिचा हात कमरेवर, ड्रम पायाने पुढे ढकलत होती.

"आटप व, माय," ती म्हणाली.

मी मागे वळून हसले आणि म्हटलं, "थांब व बहीन, एकच हंडा राहिला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली की तिला ड्रमच्या काठावर टेकावं लागलं. माझा हंडा गळ्यापर्यंत भरला. मी तो वेळेच्या आधीच काढून घेतला आणि नळ तिला दिला.